शिवणबाईचा तास

सरकारी इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभाग आणि कायमची बंद पडलेली लिफ्ट यांच्या मधे, एक रिकामी खोली होती. आणि ती रिकामी ठेवण्यासाठी सरकार एका माणसाला पगार देत असे. त्या माणसाला सगळे तटस्थ म्हणत. कुणा जुन्या अधीक्षकानं चेष्टेत ठेवलेलं नाव, पण ते असं चिकटलं, की पगाराच्या खिडकीवर त्याचं खरं नाव पुकारलं तर तो स्वतःच मागं वळून बघे.

खोली प्रार्थनेची होती. शहरात पंथ चार, आणि चौघांच्याही वेळा ठरलेल्या. कोण कशावर विश्वास ठेवतो याच्याशी तटस्थाला देणंघेणं नव्हतं. तो त्यांना सामानावरून ओळखे. दिवेवाले तेलाचे डाग आणि काजळी मागं ठेवून जात. चटईवाल्यांच्या चटया त्याला पसरून द्याव्या लागत, आणि दाराबाहेर चपलांची अदलाबदल झाली की न्यायनिवाडाही त्यालाच करावा लागे. बाकवाल्यांना बाकं लागत, आणि ते गाऊ लागले की शेजारी एक्स-रे काढणारा माणूस कपाळावर हात मारून घेई. मौनवाल्यांना काहीच लागत नसे. ते नुसते बसत, पण एकदा बसले की उठायचं नाव नको, आणि डोळे मिटलेल्या माणसाला घड्याळ दाखवणार तरी कसं?

एक मंडळी निघाली की दुसरी यायच्या आत तटस्थाला खोली कोरी करावी लागे. हा शब्द त्याचाच. खिडक्या सताड उघडायच्या, फरशी पुसायची, बाकं भिंतीला उभी करायची, चटया गुंडाळून कपाटात, कपाटाला कडी. शेवटी मधोमध उभं राहून तो नाकानं खोल श्वास घेई. आधीच्यांचा वास नंतरच्यांना येता कामा नये, हा त्याचा बाणा. खोली दिवसातून चार वेळा चौघांची होई आणि चार वेळा कुणाचीच नसे, आणि या कुणाचीच नसलेल्या खोलीचा त्याला मनापासून अभिमान होता.

इस्पितळ बांधलं साम्राज्यानं. तेव्हा आवाराच्या चार कोपऱ्यांत चार खोल्या होत्या. प्रत्येकीला आपलं दार, आपली किल्ली, आणि किल्ली सांभाळणारा आपला प्रमुख. साम्राज्याला माणसांशी बोलायची सवय नव्हती. ते चार प्रमुखांशी बोले, आणि प्रमुख पुढं आपापल्या माणसांशी. कर वेळेवर आला आणि दंगाधोपा झाला नाही, की ज्यानं त्यानं आपल्या कोपऱ्यात काय वाटेल ते करावं. त्या काळच्या सहिष्णुतेचे लोक अजून गोडवे गातात. शहाणा घरमालकही असाच वागतो. भाडं हातात पडलं की भाडेकरूच्या घरात डोकावत नाही, पण म्हणून त्याचा भाडेकरूवर जीव असतो असं कुणी म्हणत नाही.

मग साम्राज्य गेलं आणि सरकार आलं. सरकार नवं होतं, अंगात उत्साह होता. आपल्यापुढं पंथ नाहीत, फक्त माणसं आहेत, असं त्यानं जाहीर केलं. चारही खोल्या पाडून तिथं औषधांचं गोदाम आणि गाड्या लावायची जागा केली, आणि तळमजल्यावर सगळ्यांची मिळून ही पांढरी खोली काढली. आता वेळा ठरवायला कुणीतरी हवंच. म्हणून त्याच चार प्रमुखांची समिती नेमली. म्हणजे माणसांना खोली मिळाली खरी, पण पुन्हा प्रमुखांच्याच हातून. ही गंमत भल्याभल्यांच्या लक्षात आली नाही. शिवणबाईच्या आली.

शिवणबाई म्हणजे तटस्थाची बायको. इस्पितळाच्या शिवणखोलीत ती चादरींना टिपा घाली, पडद्यांना कड्या लावी, फाटलेल्या अंगरख्यांना ठिगळं मारी. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला सवय होती, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं दातांतून येई आणि दुप्पट टोचे. ती जन्मानं दिवेवाली, तो चटईवाला. दोघांनी सरकारी कचेरीत लग्न केलं. ठिणगी पडेल म्हणून दोघंही जीव मुठीत धरून होती, पण कसलं काय! दिवेवाले म्हणाले, "आमचं काही म्हणणं नाही." चटईवालेही म्हणाले, "आमचं काही म्हणणं नाही." आणि दोन्हीकडचे शब्दाला असे पक्के, की त्यानंतर जन्मभर कुणी काही म्हटलंच नाही. ना बस, ना उठ, ना कशी आहेस. तटस्थाची थोरली बहीण, जिनं त्याला कडेवर खेळवलं, तिचं घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं. वाटेत भेटली तर हसे. घरी ये म्हणाली नाही, आणि त्याच्या घरी आलीही नाही.

मूलबाळ झालं नाही. संध्याकाळी दोघंच समोरासमोर बसून चहा पीत, आणि चहाबरोबर राज्यशास्त्र चाले.

"सरकार नसतं तर आपलं लग्न झालं असतं का?" तो म्हणे. सरकारवर त्याची आंधळी भक्ती होती.

"लग्न सरकारनं लावलं, मान्य," ती म्हणे. "पण त्या दिवशी जेवायला कोण आलं होतं, तेवढं सांगा."

"जेवायला येणं हे सरकारचं काम नाही."

"तेच म्हणते मी. साम्राज्यानं चार दारं ठेवली, सरकारनं एक ठेवलं. आपण दोघं तेव्हा असतो तरी बाहेर, आणि आत्ताही बाहेरच. फरक एवढाच, की आता बाहेर बसायचा तुम्हाला पगार मिळतो."

"तुझं आपलं काहीतरीच!"

"बरं, माझं काहीतरीच. साखर घाला थोडी."

तो मनातून चिडे. पण तिच्याशी भांडणं हीच त्याच्या दिवसातली एकमेव गोष्ट होती जी कोरी करायला लागत नसे. भांडण अर्धं राहिलं की दुसऱ्या दिवशी जिथं सोडलं तिथून सुरू होई.

मग ती आजारी पडली. ज्या वॉर्डाच्या पडद्यांना तिनं कड्या लावल्या होत्या, त्याच वॉर्डात पडद्याआड पडून राहिली, आणि टीप वाकडी गेलीय म्हणून कुरकुर करत राहिली. तटस्थ कामाच्या मधे वर जाऊन येई. एका दुपारी तो बाकवाल्यांची बाकं उभी करून वर गेला, तेव्हा परिचारिका चादर तिच्या तोंडावरून घेत होती. नगरपालिकेनं अंत्यविधी उरकला. विधी कसला, नुसता अंतच. शववाहिकेचा चालक, एक कारकून, शिवणखोलीतल्या दोघी आणि तो. कारकुनानं पंथ विचारला. तटस्थ गप्प राहिला तेव्हा कारकून समजूतदारपणे म्हणाला, "राहू द्या, काही अडत नाही."

काही अडत नाही हे खरंच होतं. तिच्यावाचून काहीही अडलं नाही. चादरी शिवायला दुसरी बाई आली. खोलीच्या वेळा चालू राहिल्या. तटस्थ संध्याकाळी घरी येई, सवयीनं दोघांचा चहा टाकी, आणि दुसरा कप गार होईस्तोवर त्याच्याकडं बघत बसे. सरकारच्या बाजूनं त्याला कितीतरी मुद्दे सुचत. ते खोडणारं कुणी नव्हतं, आणि न खोडलेला मुद्दा घेऊन माणसानं करायचं काय?

इस्पितळात एक पद्धत होती. इथं कुणाचं माणूस गेलं, की त्याच्या माणसांना खोलीत शोकाचा एक तास मिळे. त्या तासात खोली फक्त त्यांची. दाराशेजारच्या फळ्यावर गेलेल्याचं नाव खडूनं लिहायचं कामही तटस्थाचंच. आजवर त्यानं किती नावं लिहिली आणि पुसली, त्याला गणती नाही. फक्त त्या तासासाठी पंथाच्या प्रमुखानं समितीला शब्द टाकावा लागे. प्रमुखाच्या शब्दाचा हा नियम साम्राज्याच्या वेळचा, बदलायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

शिवणबाईला तिचा तास मिळाला पाहिजे, एवढी एकच गोष्ट तटस्थानं मनाशी धरली. जन्मात त्यानं कुणाकडं काही मागितलं नव्हतं.

आधी तो दिवेवाल्यांच्या प्रमुखांकडं गेला. म्हातारे घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्यातलं भिंग न काढता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मुलगी आमचीच होती. तास आम्ही घेऊ, दिवे लावू, यथासांग सगळं करू. तुम्ही बाहेर बसा म्हणजे झालं. तुम्हाला वाईट वाटणार नाही ना?"

"तिला वाटेल," तटस्थ म्हणाला.

म्हाताऱ्यानं भिंग काढलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि पुन्हा घातलं.

मग तो चटईवाल्यांच्या प्रमुखाकडं गेला. हे म्हणजे त्याचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. रंगाचं दुकान होतं, नखं कायम निळी-हिरवी. दाजींनी त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू आपला माणूस आहेस. तुझ्या दुःखासाठी आम्ही तास मागू. सगळे येतील. तिचं नाव मात्र मोठ्यानं घेता यायचं नाही, एवढं समजून घे."

"आणि फळ्यावर काय लिहू?"

"फळ्यावर तुझं लिही."

"दाजी, मी अजून मेलो नाही," तटस्थ म्हणाला, आणि पाणी न पिताच उठला. आतल्या दारात बहीण उभी होती. तिनं पदराआडून पाहिलं, ओठ हलवले. दुकानातून घरी येईपर्यंत रस्ताभर त्याला त्या हललेल्या ओठांचा अर्थ लावत बसावं लागलं.

अधीक्षक भला माणूस होता. भल्या माणसांची एक अडचण असते, त्यांना प्रत्येक गोष्टीवर सोपा उपाय सुचतो. तो म्हणाला, "अहो, किल्ली तुमच्याच कमरेला आहे. दिवसभरात केव्हाही बसा ना तास-दोन तास. कोण अडवणार तुम्हाला?"

"साहेब, आमचं लग्न उघड झालंय," तटस्थ म्हणाला. "मग शोक चोरून कशाला करू?"

 मग अधीक्षकानं विषय समितीपुढं ठेवला.

समितीची बैठक त्या खोलीतच होई. टेबल तटस्थानंच मांडलं, पाण्याचे पेले तटस्थानंच ठेवले, आणि नेहमीसारखा तो दाराशी उभा राहिला. बाकवाल्यांच्या प्रमुख एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्या म्हणाल्या, "आमचा विरोध नाही. पण नियमाचा प्रश्न आहे. प्रत्येक तासामागं एक प्रमुख असतो. काही कमीजास्त झालं तर जबाबदारी कुणाची? यांच्यामागं कोण आहे?"

"आज एकट्याला दिला तर उद्या जो तो एकटा उठून येईल," दिवेवाल्यांचे घड्याळवाले म्हातारे म्हणाले.

"आलाच तर काय होईल?" अधीक्षकानं विचारलं.

यावर सगळ्यांनी विचार केला. चौघांपैकी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं आपापली माणसं आली असावीत, एकेक करून रांगेतून बाहेर पडणारी. साम्राज्य काय आणि सरकार काय, दोघांचीही भिस्त या रांगांवर. माणसं मोजण्यापेक्षा रांगा मोजणं केव्हाही सोपं.

"प्रश्न साधा आहे," मुख्याध्यापिकाबाई अखेर म्हणाल्या. "यांच्या वतीनं इथं बोलणार कोण?"

"मीच बोलतोय की," दाराशी उभा असलेला तटस्थ म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. इतक्या वर्षांत या खोलीत या माणसाचा आवाज त्यांनी फक्त 'वेळ संपली' या दोन शब्दांपुरता ऐकलेला.

"मी तुमची खोली रोज चारदा कोरी करतो," तो म्हणाला. "तुमच्यापैकी कुणाला दुसऱ्याची राखसुद्धा दिसू दिली नाही. कुणाची बाजू घेतली नाही. मला वाटायचं, खोली कुणाचीच नाही म्हणजे ती सगळ्यांची. माझी बायको म्हणायची, तसं नाही, ती चौघांची आहे. मी तिच्याशी भांडायचो. आता ती नाही, आणि तिचं खरं ठरलंय, हे मला बघवत नाही. मला तिला खोटं पाडायचंय. एक तास द्या."

मौनवाल्यांचे प्रमुख एरवी बैठकीत तोंड उघडत नसत. त्यांनी पेला उचलला, पाणी प्याले, आणि म्हणाले, "आमच्या वेळेतला घ्या." एवढंच बोलून ते पुन्हा मिटले. मग कुणालाच नाही म्हणायचं कारण उरलं नाही. मान्यता मिळाली, तीही एकमतानं. दाजींनीसुद्धा हात वर केला.

त्या दिवशी तटस्थानं फळ्यावर खडूनं लिहिलं, 'शिवणबाई'. वर पंथाचा रकाना होता, तो मोकळा सोडला. मग तो खोली मांडायला लागला आणि अडला. दुसऱ्यांसाठी काय मांडायचं हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. तिच्यासाठी काय? तिला दिव्यात रस नव्हता, चटईवर तिचे गुडघे दुखत, बाकावर बसली की पाय लोंबत. शेवटी त्याला वाटलं, आपण कशाला ठरवायचं, येणाऱ्याची सोय झाली म्हणजे झालं. कोण येईल सांगता येत नाही. म्हणून त्यानं एका बाजूला बाकं लावली, दुसऱ्या बाजूला चटया पसरल्या, कोनाड्यात दिवा ठेवला, आणि मधली जागा मौनवाल्यांसाठी मोकळी सोडली. चौघांचं सामान एका वेळी त्या खोलीत कधी मांडलं गेलं नव्हतं. दिसायला ते घर बदलताना असतं तसं दिसत होतं. शिवणबाई असती तर म्हणाली असती, "लिलाव आहे का हो?"

त्याला हसू आलं, आणि हसताहसताच रडू आलं. दार उघडं ठेवून तो एका बाकाच्या टोकाला बसला.

बाहेर बातमी पसरली होती. शिवणखोलीतल्या दोघी येऊन गेल्या, दाराशी क्षणभर मान खाली घालून उभ्या राहिल्या आणि कामाला पळाल्या. घड्याळवाले काठी टेकत आले, आत डोकावले, दिवा पाहिला, समाधानानं मान हलवली आणि निघून गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी गाणाऱ्या मंडळींना जिन्यापाशीच थांबवलं. एक्स-रेवाला हळू आवाजात रोग्यांना पुकारत होता. सगळे इतके सांभाळून वागत होते, की तटस्थाला आपणच आजारी आहोत असं वाटायला लागलं. चटया तशाच होत्या. बाकं तशीच होती.

तेवढ्यात दारात थोरली बहीण आली. धापा टाकत होती. या वयात एवढं चालत आली होती. तिनं खोलीवरून नजर फिरवली, मग त्याच्याकडं पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. तटस्थ अर्धवट उठला. बाकावर सरकून त्यानं जागा केली. तिनं चप्पल काढली, एक पाऊल पुढं टाकलं, उंबऱ्यापाशी थांबली, हात पुढं केला आणि दार हळूच ओढून घेतलं, कडीचा आवाजही होऊ न देता, त्याला कुणाचा त्रास होऊ नये म्हणून.

 त्यानं जाऊन दार उघडलं. बहीण भिंतीलगतच्या स्टुलावर बसली होती, मांडीवर पदराची घडी करत.

"ताई, आत ये ना."

"अरे धाकट्या, तुझी वेळ आहे ती," ती म्हणाली. आवाजात माया ओसंडत होती. "तू बस निवांत. मी आहे की इथं. कुणाला येऊ द्यायची नाही बघ आत."

"येऊ दे की कुणाला."

"छे छे! असं कसं? तू बस. मी हलत नाही इथनं."

आणि ती खरंच हलली नाही. तटस्थ आत गेला. बाकं, चटया आणि न लावलेला दिवा यांच्या मधे बसून उरलेला वेळ तो दारापलीकडचा तिचा खोकला ऐकत राहिला.